डावा कान कंपनीचा

शांताक्का नावाच्या बाईंना बेळ्ळंदूरच्या एका गल्लीत, संक्रांतीनंतरच्या पहिल्या गुरुवारी, सकाळी साडेआठ वाजून गेल्या गेल्या एका सायकलने पाडलं. पुन्हा लिहिते, सायकलने. पाण्याच्या टँकरने नाही, ऑफिसच्या कॅबने नाही. उजव्या हाताचं मनगट मोडलं. त्या हाताने त्या चार घरांत भाकऱ्या थापायच्या. सायकलवाल्याच्या डाव्या कानात इअरफोन होता आणि त्यात त्याच्या ऑफिसची मीटिंग चालू होती. शांताक्कांनी हाक मारली होती, दोनदा. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र लिहिलं गेलं ते असं: 'बाई अचानक समोर आली.'

मी पुण्यात सायकलवाल्यांच्या बाजूने पत्रकं लिहिते आणि चौकाचौकांत उभी राहून वाटते. हेडफोनवरही लिहिलंय. कुठे सायकलवाल्याला उडवलं की पहिला प्रश्न येतो, 'कानात काही होतं का?' उडवणाऱ्याच्या गाडीच्या काचा बंद, एसी चालू, आत गाणी. त्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. हे मी लिहिलं होतं, ते आजही खरं आहे आणि त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. पण त्या पत्रकात पायी चालणारं माणूस कुठेच नव्हतं.

त्यानंतर आठवड्याने मला बेंगळुरूला बोलावलं केतकीने. आम्ही कॉलेजात एकत्र होतो. आता ती बेळ्ळंदूरला राहते आणि व्हाइटफील्डच्या ऑफिसला सायकलने जाते. फोनवर म्हणाली, "मुक्ता, आमच्याकडे एक छोटा ॲक्सिडेंट झालाय आणि लोक सायकलींच्या मागे लागलेत. मागच्या गल्लीतून जाऊच देऊ नका म्हणतायत. तू ये. एक कडक पत्रक लिही. मंगळवारी सोसायटीची मीटिंग आहे."

छोटा ॲक्सिडेंट. हा शब्द मी लक्षात ठेवला आणि रात्रीच्या बसमध्ये बसले.

शुक्रवार: बेळ्ळंदूर

बेळ्ळंदूरचं तळं दिसायच्या आधी नाकाला कळतं. केतकीच्या अकराव्या मजल्यावरून मात्र ते छान दिसतं. पाणी, पाणकणीस, पलीकडे काचेच्या इमारती, आणि मध्ये रिंगरोडवर मेट्रोचे अर्धवट खांब. गाड्या इतक्या हळू सरकतात की वरून बघताना आधी वाटलं पार्किंगच आहे.

केतकीच्या स्वयंपाकघरात ओटा लखलखीत होता. अगदी दुकानात मांडलेल्या ओट्यासारखा. जेवण डब्यातून आलं, प्लॅस्टिकच्या. परोठा रबरासारखा आणि पनीर गोड.

"स्वयंपाकाला कोणी नाही का तुझ्याकडे?" मी विचारलं.

"आहेत गं, शांताक्का. मस्त भाकरी करतात. शेंगदाण्याची चटणी तर काय सांगू. पण त्यांचा हात..." ती थांबली.

"काय झालं हाताला?"

"तेच ना. तोच ॲक्सिडेंट."

मी डबा बाजूला ठेवला. फोनवर ती सायकलींबद्दल बरंच बोलली होती. पडलेली बाई रोज तिच्याच घरात भाकऱ्या करते, हे मात्र राहून गेलं होतं.

"अगं, मी सांगणारच होते," केतकी म्हणाली. "पण ते वेगळं आहे. ज्याची सायकल होती त्या निरंजनने सगळं केलं त्यांचं. दवाखान्यात तोच घेऊन गेला, प्लास्टर, औषधं, सगळं. चांगला मुलगा आहे. आता प्रश्न गल्लीचा आहे."

गल्लीचा प्रश्न असा. सोसायटीच्या मागच्या भिंतीत एक छोटं फाटक आहे. ते उघडतं एका अरुंद गल्लीत. एका बाजूला ही भिंत, दुसऱ्या बाजूला सांडपाण्याचा मोठा नाला. गल्ली सगळ्यांची आहे, फाटक सोसायटीचं. घरकामाच्या बायका या गल्लीने येतात, आणि सायकलवाले रिंगरोडचा सिग्नल टाळायला याच गल्लीने बाहेर पडतात. अपघातानंतर काही लोक म्हणाले, सायकली बंद करा. सायकलवाले म्हणाले, त्यापेक्षा कामवाल्या बायकांना छोटं फाटक बंद करा, त्यांनी पुढच्या गेटने यावं. पुढचं गेट म्हणजे रिंगरोडचा सर्व्हिस रोड. तिथे कंपन्यांच्या बसेस उभ्या असतात, उलट्या दिशेने स्कूटर येतात आणि फुटपाथवर मेट्रोचे पत्रे ठोकलेत.

म्हणजे मी जे पत्रक लिहायला आले होते, ते शांताक्कांना त्या रस्त्यावर काढण्यासाठी होतं.

"मसुदा कधी देतेस?" केतकीने झोपताना विचारलं.

"आधी त्यांना भेटते," मी म्हटलं.

"कोणाला? निरंजनला?"

"भाकरीवाल्यांना."

शनिवार: शांताक्कांची खोली

सकाळी केतकी मला कोपऱ्यावरच्या हॉटेलात घेऊन गेली. इथे खुर्च्या नसतात. उंच गोल टेबलाशी उभं राहायचं, इडली-वडा सांबारात बुडवायचा आणि दहा मिनिटांत बाहेर. पुण्यात माणसं एका चहावर तासभर बसतात, इथे बसायची सोयच नाही. पण एक गोष्ट मला फार आवडली, 'बाय टू कॉफी'. एक कॉफी दोघांत, दोन पेल्यांत, आणि मागताना कोणाला लाज नाही. आमच्याकडे एक मागवून दोघांनी प्यायली तर वेटरचा चेहरा बघवत नाही.

शांताक्का गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत राहतात. गाव खानापूरच्या बाजूचं. मराठी बोलतात, पण मला कान द्यावा लागला. तिकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी गेलो, मी आलो' म्हणतात, आणि मध्ये मध्ये कन्नड येत राहतं. वय असेल पन्नाशीच्या आसपास. उजवा हात गळ्यात अडकवलेला, प्लास्टरवर हळदीचे डाग.

"हे हळदीचे कसे काय?" मी विचारलं.

"डाव्या हातानं फोडणी घालून बघितलो," त्या म्हणाल्या. "फोडणी जमतंय. भाकरी जमत न्हाई. डाव्या हाताला गोल कळतच न्हाई बघा. काल एक केलो. कर्नाटकाचा नकाशा झाला."

आणि हसल्या. मग केतकीकडे बघून म्हणाल्या, "काय जेवतासा आता?"

"मागवते, अक्का."

"दिसतंय तोंडावर."

त्यांनी मला नाचणीची आंबील दिली, ताकातली. केतकी म्हणाली आपण निघू या, पण मी बसून राहिले आणि विचारलं, नेमकं झालं काय.

"फाटकासमोर पाण्याच्या कॅनचा टेम्पो हुता. तेच्या मागनं मी आलो. आलो आणि बघितलो तर सायकल. मी म्हटलो, अण्णा! ते बघतंय समोर, पन बघत न्हाई. तोंड हलतंय. कुणाशी बोलतंय काय की. परत म्हटलो, ए अण्णा! मागं सरकायला जागा न्हाई, मागं टेम्पो. हिकडं नाला, फरशी फुटलेली. कुठं जाऊ? नाल्यात?"

"मग?"

"मग काय, आला की अंगावर. स्वल्प लागलं असतं तर मी बोललो बी नसतो."

"त्याने मदत केली ना पण," केतकी मधेच म्हणाली.

"केला की. कोण न्हाई म्हंतंय? दवाखान्यात पळत पळत नेला. रडायला लागला. मीच त्याला म्हटलो, बाबा, गप." त्यांनी भांडं खाली ठेवलं. आता आवाज चढला होता. "पन अचानक आली म्हणून लिवला कशाला? माज्या दोन घरच्यांनी दुसरी बाई ठेवली. का? तर म्हणे तुमचं लक्ष नसतं अक्का, गॅसपाशी भ्या वाटतंय. माजं लक्ष नसतं! मी हाक मारलो. आता मंगळवारी फाटक बी लावणार म्हंतात. का, तर आमी अचानक येतो. मी हाक मारलो एवढं तेनं सांगू दे. सगळ्यांसमोर. मग लावा फाटक."

केतकी जमिनीकडे बघत होती. उरलेली दोन घरंही सोडतील अशी चिन्हं होती, आणि त्यातलं एक घर केतकीचं होतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तू आमच्या बाजूने आलीयेस ना?"

"सायकलच्या बाजूने आलेय," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"बघते."

ती माझ्याशी दुपारपर्यंत बोलली नाही. मग बोलली, कारण रबरी परोठा पुन्हा आला आणि दोघींनाही भूक होती.

सोमवार: बेळ्ळंदूर ते मारतहळ्ळी, आणि परत

सकाळी सायकलवाल्यांबरोबर ऑफिसच्या रस्त्याला निघायचं ठरलं. केतकीच्या नवऱ्याची सायकल मला मिळाली. तो अमेरिकेत आहे आणि सायकल बाल्कनीत वाळत होती.

फाटकाशी सातआठ जण जमले. हेल्मेट, दिवे, चमकणारी जाकिटं, सगळं जागच्या जागी. माझ्या पुण्यातल्या मंडळींनी शिकावं असं. पुढे निरंजन. नागपूरचा, उंच, हसरा, नमस्कार करताना थोडा वाकतो. मी कोण हे त्याला केतकीने सांगितलं असावं, कारण तो म्हणाला, "ताई, तुम्ही पत्रक लिहून राहिल्या ना आमच्यासाठी? लई उपकार."

मग सगळ्यांनी एकदमच खिशातून एकेक इअरफोन काढला आणि डाव्या कानात घातला. मी बघतच राहिले. देवळात शिरताना चपला काढतात ना, तितक्या सवयीने.

"हा काय प्रकार?" मी विचारलं.

"रूल आहे ताई," निरंजन म्हणाला. "डावा कान कंपनीचा, उजवा रस्त्याचा. गाड्या ओव्हरटेक उजवीकडून करतात ना, तर उजवा कान मोकळा पाहिजे. दोन्ही कानांत घालणाऱ्याला आम्ही ग्रुपमध्ये घेतच नाही. सेफ्टी म्हणजे सेफ्टी."

त्याला या नियमाचा अभिमान होता. मला कळलं ते असं: सगळे एकाच कंपनीतले, आणि साडेआठला त्यांची रोजची मीटिंग सुरू होते. प्रत्येकाने काल काय केलं आणि आज काय करणार ते सांगायचं. पूर्वी त्यासाठी ऑफिसात लवकर पोचावं लागायचं. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, सायकलवरच हजेरी लावू. मीटिंग संपते तेव्हा व्हाइटफील्डही येतं. साहेबाला माहीत आहे, साहेबाला चालतं. सायकलने येणाऱ्यांचे फोटो कंपनी आपल्या पानावर टाकते, झाडाच्या चित्रासकट.

"आणि बोलायचं कसं?"

"आपला नंबर आला की अनम्यूट करायचं. वायरीला बटण आहे."

आम्ही निघालो. फाटकातून गल्लीत. पाण्याच्या कॅनचा टेम्पो आजही तिथेच होता, तोंड आमच्याकडे करून, डावीकडे, भिंतीला चिकटून. निरंजन पुढे होता. गल्लीत शिरताच तो बोलायला लागला, "गुड मॉर्निंग टीम, येस, फ्रॉम माय साइड..." टीमचा प्रमुख म्हणून पहिला नंबर रोज त्याचाच. टेम्पोच्या बाजूने जाताना त्याने मान तसूभरही वळवली नाही. मी वळवली. टेम्पोच्या मागे आज कोणी नव्हतं.

पुढचा रस्ता मी प्रामाणिकपणे सांगते, सुंदर नाही, पण मला मजा आली. थंडी होती, अंगात स्वेटर बरा वाटत होता. रस्त्याकडेला अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे ढीग, त्यांचा तो तेलकट हिरवा वास. सर्व्हिस रोडवर सायकलसाठी कधीतरी पट्टी आखलेली, रंग अजून मधेमधे दिसतो. पट्टीत आता टपऱ्या, रिक्षा आणि एक म्हैस. म्हशीला कोणी हॉर्न देत नव्हतं. तिच्यामागे सगळे रांगेत.

आणि माझ्यापुढची ही रांग गप्प. मी आयुष्यात इतकी गप्प सायकलरांग पाहिली नाही. आमच्याकडे दोन माणसं सायकलवर असली की खड्डा, कुत्रं, डावीकडे घे, थांब, असा गलका चालू असतो. पुढचा मागच्याला ओरडून सांगतो. इथे मध्येच कोणीतरी हवेशी बोलायचं, "नो ब्लॉकर्स," म्हणजे काम कुठे अडलेलं नाही, आणि त्याच क्षणी पुढे एक बस सरळ आडवी. सिग्नलला निरंजन कोणाला तरी अजिजीने सांगत होता, "स्क्रीन शेअर आत्ता नाही होणार सर, आय ॲम कम्यूटिंग." शेजारच्या स्कूटरवरची बाई त्याच्याकडे टक लावून बघत होती.

मारतहळ्ळीचा पूल ओलांडला आणि माझी चेन पडली. बाल्कनीत वाळलेली सायकल, दुसरं काय होणार. मी मागून दुसरी होते.

"केतकी! थांब!" मी ओरडले. ती माझ्या पुढेच होती, एका सायकलच्या अंतरावर. तिने मान हलवली, पण ती मीटिंगला. "निरंजन! ए, थांबा रे!" मी आणखी जोरात ओरडले. पत्रकं वाटून माझा आवाज चांगला तयार झालाय, चौकाच्या या टोकापासून त्या टोकाला जातो. माझ्या मागचा मुलगा मला वळसा घालून पुढे गेला. जाताना गोड हसला. हाताने 'ये ये' अशी खूण केली. मग सगळी रांग एका कचऱ्याच्या गाडीमागे दिसेनाशी झाली.

सगळ्यांचे उजवे कान मोकळे होते, हे लक्षात ठेवा. नियम पाळूनच ते पुढे गेले. उजव्या कानात मेट्रोचं ड्रिलिंग आणि बसेसचे हॉर्न, डाव्यात साहेब, आणि डोकं तर एकच. ते आधीच ऑफिसात पोचलेलं.

मी हात काळे करून चेन बसवली. ती परत पडली. मग सायकल ढकलत एका पंक्चरच्या दुकानात गेले. दुकानदाराने मला कन्नडमध्ये काहीतरी सुनावलं, बहुधा चेनला तेल घालण्याबद्दल. मी "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत राहिले. तोपर्यंत एवढा एकच शब्द मी शिकले होते. व्हाइटफील्ड राहिलं. आता ते बघायला परत जावं असंही वाटत नाही. मी उलटी वळले आणि बेळ्ळंदूरला आले.

गल्लीत, फाटकापाशी, भिंतीच्या सावलीत चारपाच बायका बसल्या होत्या. सकाळची कामं आटोपून दुपारची सुरू व्हायच्या मधल्या वेळेत. मधोमध शांताक्का, हातात भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा, डाव्या हाताने आणि दाताने सोलत.

"तुमी?" त्या म्हणाल्या. "हापिसला न्हाई गेलासा?"

"चेन पडली. ते पुढे गेले."

"सोडून गेले?"

"हो."

"हाक मारला न्हाई काय?"

"मारली. चांगली दोनदा मारली."

शांताक्कांनी शेंग तोंडातून काढली. शेजारणीकडे वळल्या आणि कन्नडमध्ये एक वाक्य बोलल्या. त्या बायका अशा हसल्या की वॉचमन फाटकातून डोकं काढून बघायला लागला. एक तर भिंतीला टेकून डोळे पुसत होती. मीही हसले. न हसून काय करणार, हात कोपरापर्यंत काळे आणि कपाळावर ग्रीस.

मग शांताक्का हसायच्या थांबल्या.

"बघा," त्या म्हणाल्या. "तुमी शिकलेला, पुण्याच्या, आवाज बी मोठा. तरी न्हाई ऐकले. आता तुमीच सांगा तेला. माजं खोटं वाटतंय लोकास्नी."

सोमवार संध्याकाळ: निरंजन

संध्याकाळी निरंजन स्वतःच माफी मागायला आला. "ताई, सॉरी, आम्हाला ऑफिसला पोचल्यावर समजलं तुम्ही नाहीच म्हणून. केतकी म्हणे तुम्ही फोटो काढायला थांबल्या असाल."

"मी हाक मारली होती."

"आवाजच नाही आला हो."

"शांताक्कांनीही मारली होती."

तो सोफ्यावर बसलेला, एकदम सरळ झाला. "ताई, मी त्यांचं सगळं पाहून राहिलो. उद्या प्लास्टर बघायला पण मीच नेणार आहे. अजून काय करू, सांगा?"

"सगळं केलंस. ते त्यांनीही सांगितलं. मी विचारतेय ते दुसरंच. त्यांनी हाक मारली नव्हती असं तू म्हणशील का?"

 केतकी आत भांडी आवरायचा आवाज करत होती. आवरायला भांडी नव्हतीच.

"मी बोलून राहिलो होतो तेव्हा," तो शेवटी म्हणाला. "माझा नंबर होता. त्या दिवशी क्लायंटवाले पण कॉलवर होते. समोर टेम्पो दिसला, बाई पण दिसली असेल, डोळ्यांना. पण मी वाक्य पूर्ण करून राहिलो होतो. कसं सांगू. ते वाक्य अर्धं सोडणं जमलंच नाही. कॉलवर कोणाला कळलं पण नाही. सायकल पडल्याचा आवाज आला तर साहेब म्हणाले, निरंजन, यू आर ब्रेकिंग."

"मग ग्रुपवर अचानक आली असं का लिहिलंस?"

"लोक विचारत होते सारखे. घाबरलो होतो. आणि खरंच, मला तर अचानकच आली ना!"

 त्याला ती खरंच अचानक आली होती. माझा राग तेव्हा निरंजनवरून थोडा सरकला, आणि कुठे गेला हे सांगते. तो गेला त्या साहेबावर. याच्या आवाजामागे हॉर्न ऐकू येतात, ट्रक ऐकू येतात, सायकल आपटल्याचा आवाज येतो, आणि तो म्हणतो आवाज तुटतोय. सायकलचे फोटो टाकणाऱ्या कंपनीवर. आणि या नियमावर. एक कान विकून दुसरा राखला म्हणजे सुरक्षा झाली, असं शहाण्या, हेल्मेट घालणाऱ्या, दिवे लावणाऱ्या माणसांनी ठरवलं आणि हा नियम सगळ्यांना शिकवला. नियम नसता तर कदाचित ते घाबरून तरी चालवत असते.

"उद्या मीटिंगला तू बोल," मी म्हटलं. "मी इथली रहिवासी नाही, मला बोलू देणार नाहीत. पत्रक मी लिहीन, पण त्यात काय येईल ते तुझ्यावर आहे."

"धमकी देऊन राहिल्या काय ताई?" तो कसनुसा हसला.

"हो," मी म्हटलं.

मंगळवार: सोसायटीचा हॉल

हॉल तळमजल्यावर, जिमच्या शेजारी. पुढे टेबल, टेबलावर बिस्किटं. मी मागे केतकीची पाहुणी म्हणून उभी. शांताक्का दाराबाहेर पायरीवर बसल्या होत्या. त्यांना आत बोलावलं नव्हतं आणि त्यांनी बोलवा असं म्हटलंही नव्हतं. अर्धी सभा पार्किंगवर गेली. मग सेक्रेटरींनी छोट्या फाटकाचा विषय काढला. हिंदी-इंग्रजीत वाचून दाखवलं: कामाला येणाऱ्या बायकांनी पुढचं गेट वापरावं, त्यांच्याच सुरक्षिततेसाठी.

त्यांच्याच सुरक्षिततेसाठी! मी ओठ चावला.

निरंजन उठला. हातात काही नव्हतं. तो इंग्रजीत बोलायला लागला, मग हिंदीवर आला. "एक करेक्शन है. मैंने ग्रुप पे लिखा था कि शांताक्का अचानक आईं. वो गलत है. उन्होंने दो बार आवाज़ दी थी. मैं मीटिंग में था. मैंने नहीं सुना."

मागून कोणीतरी म्हणालं, "पर आपका एक कान तो खुला था ना?"

"हाँ," निरंजन म्हणाला. "खुला था."

 सायकलवाल्यांपैकी दोघे त्याच्याकडे असे बघत होते, जणू याने घरचं भांडण रस्त्यावर नेलंय. मग केतकी उठली. मला खरंच वाटलं नव्हतं ती उठेल. म्हणाली, "काल माझ्या मैत्रिणीने मला एका सायकलच्या अंतरावरून हाक मारली. मलाही ऐकू आली नाही. फाटक बंद करून हे कसं सुटणार?" आणि बसली. तिचे कान लाल झाले होते.

ठराव मागे पडला. जिंकलो वगैरे म्हणत नाही. 'पुढच्या सभेपर्यंत' एवढंच झालं. फाटक उघडं राहिलं.

दारात शांताक्का उभ्या होत्या. निरंजन बाहेर आला तेव्हा त्यांनी डाव्या हाताने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. हलका नव्हता.

"आता घंटी लाव सायकलला," त्या म्हणाल्या. "आणि तोंड मिटून चालव."

"हो अक्का."

"आणि पोरी," केतकीला म्हणाल्या, "उद्यापास्नं येतो. भाकरी तू थापायची, मी बसून सांगतो. नकाशा झाला तरी खाऊ."

परत आल्यावर

पुण्यात येऊन आता काही आठवडे झाले. केतकीशी बोलणं होतं. प्लास्टर निघालं, पण मनगट पूर्वीसारखं वळत नाही. पीठ मळता येतं, थापताना दुखतं. गेलेल्या दोन घरांपैकी एकाने परत बोलावलं, दुसऱ्याने नाही. केतकीची भाकरी अजून गोल होत नाही. निरंजन आता साडेआठची मीटिंग उभ्या टेबलाच्या हॉटेलात उभं राहून उरकतो, मग निघतो. ऑफिसला उशिरा पोचतो आणि साहेब कुरकुरतो. त्याच्याबरोबर केतकी आणि आणखी एकजण थांबतात. बाकीचे अजूनही फाटकाशी डाव्या कानात इअरफोन घालून निघतात, नियमाने.

ते कडक पत्रक मी लिहिलं. ते हेच आहे. थोडं लांबलं.

तुम्ही सायकल चालवत असाल तर उद्या सकाळी सीटवर बसायच्या आधी कानातलं काढा. एक नाही, दोन्ही. खिशात ठेवा, आणि फोन आला तर पाय टेकवून, कडेला उभं राहून घ्या. 'पोचल्यावर बोलतो' हे वाक्य आजच म्हणून बघा, जीभ झडत नाही. आणि तुम्ही सायकल चालवत नसाल, उलट रोज सकाळी मीटिंग घेत असाल, तर तुम्हाला जास्त कळकळीने सांगते. समोरच्याच्या आवाजामागे हॉर्न ऐकू आला, तर आवाज तुटतोय म्हणू नका. त्याचं नाव घ्या, आणि सगळ्यांसमोर सांगा: फोन ठेव.